रेंजमधला जावई

आमच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा जास्त मान एका करड्या रंगाच्या डब्याला होता. रोज संध्याकाळी आठला बाबा हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून त्याच्यापुढं बसत. देवापुढं बसताना सदऱ्याची एवढी चौकशी नसे, हे आई आल्यागेल्याला सांगायची. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आमगावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आणि संध्याकाळी आठनंतर ते आमच्या रेडिओ क्लबचे अध्यक्ष असत. क्लबचं नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं, ‘आमगाव-सालेकसा परिसर हौशी बिनतारी संदेशवहन मंडळ’. नाव लेटरहेडच्या एका ओळीत मावत नव्हतं आणि सभासद एका बैलगाडीत मावले असते. आम्ही सात जण होतो.

हौशी रेडिओ म्हणजे काय हे माझ्या नातवाला सांगताना माझी फार पंचाईत होते. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना आणि आपलं एक सांकेतिक नाव मिळवायचं, सेट मिळवायचा किंवा बनवायचा, आणि मग दुसऱ्या तसल्याच परवानाधारक माणसाला विचारायचं की माझा आवाज येतो का. तो म्हणतो, येतो. मग तो विचारतो, माझा येतो का. नातू म्हणाला, “आजी, आणि मग?” मी म्हटलं, “मग काही नाही, झालं.” त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं माझी आई बाबांकडं आयुष्यभर पाहत आली होती.

हातातल्या सेटचा आवाज जेमतेम गावाच्या शिवेपर्यंत जायचा. म्हणून क्लबनं रिपीटर बसवला होता, गावापासून कोसभर दूर सालेकश्याच्या रस्त्यावर, शेठजींच्या राइस मिलच्या मनोऱ्यावर. रिपीटर म्हणजे उंच जागी ठेवलेलं यंत्र. खालून कुणी बोललं की उंचीमुळं ते लांबचंही ऐकतं आणि तेच त्याच क्षणी जोरात साऱ्या मुलखाला सांगतं. आमच्या शेजारच्या काकू हेच काम बिनपरवाना करत. शेठजी स्वतः क्लबचे सभासद होते. भंगारातले दोन वायरलेस सेट त्यांनी आणले, बाबांनी आराखडा काढला आणि जोडणी मी केली. मी तेव्हा अकरावीत होते आणि माझा हात बाबांपेक्षा स्थिर होता. ते डाग देताना कथिलाचा थेंब नेहमी स्वतःच्या पायजम्यावर पाडायचे. मिलमधला भुसा रिपीटरच्या पंख्यात जाऊन बसायचा, म्हणून दर रविवारी, मिल बंद असताना, सायकलनं जाऊन तो ब्रशनं काढणं हे माझं काम होतं.

रिपीटर कुठपर्यंत ऐकू येतो हे दाखवायला बाबांनी ओसरीतल्या भिंतीवर नकाशा लावला होता. मिलच्या ठिपक्याभोवती वरणाची वाटी पालथी घालून त्यांनी वर्तुळ काढलं होतं. वर्तुळात आमगाव होतं, गोंदिया होतं, आणि वाटी थोडी सरकल्यामुळं दवनीवाडाही आत आलं होतं. सालेकश्याच्या नि देवरीच्या बाजूला जिथं टेकड्या आडव्या येतात तिथं त्यांनी शिसपेन्सिलनं काळं केलं होतं. त्या काळ्या भागात आवाज जात नाही असं ते सांगत. सालेकश्याचे मास्तर त्याच काळ्या भागात राहत होते आणि तरी रोज हजेरीला असत, पण बाबांनी नकाशा काही बदलला नाही.

आठ वाजता हजेरी व्हायची. बाबा रजिस्टर उघडून एकेकाला हाक मारत, आणि तो आपापलं हवामान नि धानाची हालत सांगे. दवनीवाड्याचे टेंभरेकाका शेतकरी होते, त्यांना रेडिओवरही बांधावरून ओरडायची सवय होती. त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक बातमीला घरातली भांडी थरथरत. सगळ्यांचं ऐकून बाबा फक्त “समजलं” म्हणत. सगळ्यात शेवटी माझा नंबर. मी कुठं असायचे? परसात, गोठ्याजवळ, क्लबचा दुसरा सेट हातात धरून. बाबा ओसरीत. मधे एक स्वयंपाकघर, तिथं आई लाखोरीच्या डाळीला फोडणी देत असायची. बाबांचा आवाज कोसभर दूर मिलवर जायचा आणि तिथून परत फिरून माझ्या हातात यायचा. “तुमच्याकडे हवामान कसं आहे?” ते विचारत. रेडिओवर ते मला ‘तुम्ही’ म्हणत आणि पुस्तकी मराठी बोलत. मी सांगे की स्वच्छ आहे, वारा नाही, म्हैस बसलेली आहे. आई फोडणीच्या धुरातून ओरडे, “अवं, दार उघडून बोला ना बापलेक!” पण दार उघडून बाबांना ‘जेवली काय’ याच्या पुढं काही विचारता येत नसे. रेडिओवर मात्र ते मला विचारत की आज काय वाचलं, पेपर कसा गेला, कुणी काही बोललं का. माझ्या वडिलांशी माझं जे काही बोलणं झालं, ते सगळं टेंभरेकाकांनी ऐकलेलं आहे.

हजेरीनंतर रविवारी अध्यक्षांचं भाषण असे. रिपीटरला एक टायमर असतो. कुणाचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर सगळ्यांचा रस्ता अडू नये म्हणून तीन मिनिटांनी तो आपोआप आवाज तोडतो. आमच्या टायमरनं दोन रविवार लागोपाठ बाबांना तोडलं, एकदा तर ऐन ‘बंधुभगिनींनो, सारांश असा की’ वर. क्लबमधल्या कुणाला वाईट वाटलं नाही, बाबांना वाटलं. त्यांनी मला मिलवर पाठवलं आणि मी टायमरची तार कापून आले. जगातले सगळे हॅम, म्हणजे आमच्यासारखे हौशी रेडिओवाले, ज्या गोष्टीला हात लावत नाहीत, ती आम्ही अध्यक्षांच्या सारांशासाठी कापली. पुढच्या रविवारी बाबा अकरा मिनिटं बोलले.

बारावीचा निकाल लागला आणि नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून माझ्या नावाचं पत्र आलं, इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळाल्याचं. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून हजेरीच्या रजिस्टरात ठेवलं आणि म्हणाले, “पाहू.” आणि पाहायला लागले ते स्थळं. त्या आठवड्यात आमच्याकडं मुलीच्या लग्नाची जी घाई सुरू झाली ती पाहून आईसुद्धा चक्रावली, कारण तोवर बाबांना माझं वय विचारलं तर ते माझ्या परवान्याची तारीख सांगत. पहिलं स्थळ देवरीकडचं होतं, मुलगा बँकेत, बाबांनी नाही म्हटलं. दुसरं साकोलीचं, तेही नाही. मला वाटलं, चला, बाबांच्या मनात नाहीच. मग गोंदियाजवळच्या एका गावाचं तिसरं स्थळ आलं. मुलाचं दुकान होतं, तो मला पाहायला आला तेव्हा पूर्ण वेळ आमच्या छताकडं पाहत होता. बाबा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि पुढच्या रविवारी पक्कं करायला या म्हणाले. हजर व्हायला तेव्हा पाच दिवस उरणार होते.

त्या रविवारी दुपारी मुलाचे मामाजी आणि आणखी दोघं यायचे होते. आईनं सकाळपासून पोहे, चिवडा, घाऱ्या असा पसारा मांडला होता आणि तिचं तोंड भांड्यांपेक्षा जोरात वाजत होतं. मला ती म्हणाली, “तू घरी नको राहू. तुह्यं तोंड मधात चालते.” मी म्हटलं, “माझं लग्न आहे ना?” ती म्हणाली, “म्हनूनच.” मी ब्रश घेतला आणि सायकल काढली. निघताना दिसलं ते एवढंच की बाबा हातातला सेट घेऊन दिवाणावर बसले होते आणि आई म्हणत होती, “ते डबडं उचला अगुदर. पाव्हने म्हनतीन, घरात पोलीस राह्यते का?” तिनं तो सेट त्यांच्या हातातून ओढला आणि दिवाण नि भिंतीच्या फटीत कोंबला.

मिल बंद होती. मनोऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली उघडली तर रिपीटरचा तांबडा दिवा लागलेला आणि त्याच्या स्पीकरमधून माझ्या आईचा आवाज. “घ्या ना मामाजी, संकोच नका करू. अजून टाकू काय?”

मला क्षणभर वाटलं आई माझ्या मागं आली. मग लक्षात आलं. फटीत कोंबलेल्या सेटचं बटण दाबलं गेलं होतं आणि आमच्या बैठकीतलं सगळं बोलणं तीन तालुक्यांना जात होतं. बाबांना रेडिओवरून सांगायची सोय नव्हती, कारण बटण दाबलेला सेट ऐकत नाही. आणि तीन मिनिटांनी जे आपोआप तुटायला हवं होतं, ते तोडणारी तार मीच कापली होती. खालून शेठजींचा आवाज आला. ते मिलच्या आवारातच राहत होते, हातात सेट, अंगात बनियन. “अरे कुंदा बेटी! तुम्हारे घर का पूरा पोहा हवा में जा रहा है! बंद करो उसको!”

मी मुख्य स्विचवर हात ठेवला. खाली दाबलं की संपलं. तेवढ्यात मामाजी बोलले.

“पोरीले मशिनीचा नाद हाय म्हनतेत. आमच्या घरी ते चालनार नाही गुरुजी. बाईमानसाच्या हातात पक्कड-पाना बरा नाही दिसत.”

मी थांबले. बाबा काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं. याच माणसानं मी दहा वर्षांची असताना ताटावर चमचा वाजवून मला मोर्स शिकवलं होतं.

“नाही नाही,” बाबा म्हणाले, “ते काय, लहानपनचं खूळ हाय. लगन झालं का सुटते.”

मला राग आला. आजही लिहिताना थोडा येतो. माणूस गेला, त्याला वीस वर्षं झाली, तरी त्या ‘नाही नाही’चा राग काही जात नाही. घराची अब्रू वाचवायची तर स्विच दाबायला हवा होता. मी दाबला नाही. जाऊ दे म्हटलं, ऐकू दे साऱ्यांना यांचा सारांश. शेठजी पुन्हा ओरडले तर मी वरून सांगितलं, “स्विच अटक गया है शेठजी!” मी त्यांच्याशी खोटं बोललेली तेवढी एक वेळ.

मग मामाजी म्हणाले, “मंग पक्कं समजाचं?” आणि बाबा म्हणाले, “पक्कं समजा.” चपलांचे आवाज झाले, फाटक वाजलं. मी तिथंच भुशाच्या पोत्यावर बसले. वाटलं, झालं. आणि आईचा आवाज आला, पाहुण्यांसमोरचा गोड नाही, रोजचा.

“पक्कं कायले म्हटलं? पोरीले इचारलं?”

“पोरगा चांगला हाय.”

“पोरगा छत पाहून राहिला होता. तो बँकवाला पोरगा किती चांगला होता. त्याले काऊन नाही म्हटलं?”

“तो देवरीकडचा.”

“मंग?”

“टेकडी आडवी येते.”

मग आई म्हणाली, “काय आडवी येते?”

“टेकडी. तिकडून सिग्नल नाही येत.”

“आन साकोली?”

“साकोली बाहेर पडते. हे गाव वर्तुळात हाय. मी दोनदा पाह्यलं. सेट देऊन टाकू तिले लग्नात, तिकडून रोज लागते.”

माझ्या आईला आयुष्यात एकदाच शब्द सापडेनासे झालेले मी ऐकले. मग सापडले. “तुमी माह्या पोरीसाठी जावई शोधून राह्यले का अँटिना? वरनाच्या वाटीनं पोरीचं लगन ठरवता? सात साल ते डबडं माह्या उरावर घेतलं, मी काई म्हटलं? काऊन नाही म्हटलं, तं पोरगी शिकून राह्यली म्हनून. नागपूरचं पत्र आलं तं त्याले रजिस्टरात घालून बसले. मले वाचता नाही येत म्हनून का समजत नाही?”

आईनं माझी बाजू घ्यावी हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. तिनं रेडिओला डबडं सोडून दुसरं नाव कधी दिलं नव्हतं. मी पोत्यावरून उठून स्पीकरला कान लावला, जणू जवळ गेल्यानं ती आणखी काही बोलेल.

बोलले ते बाबा. आवाज बारीक झाला होता. “ती नागपूरले गेली तं मले आयकू नाही येईन. घरात तं मले बोलता येत नाही तिच्यासंगं, तुले मालूम हाय. आठ वाजता ती शेवटी येते. बाकीच्यायचं धान-पानी मी कायले लिहतो? तिचा नंबर यावा म्हनून लिहतो. ते गेलं तं मंग मी...”

आणि त्यांना पुढं बोलता येईना. त्या माणसाला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. पहिला हुंदका बाहेर यायच्या आत मी स्विच खाली ओढला. तांबडा दिवा गेला. माझ्या लग्नाचं, शिक्षणाचं, आमच्या घरातलं सगळं क्लबनं ऐकलं होतं आणि मी ऐकू दिलं होतं, पण बाबा रडताना त्यांनी ऐकावं हे मला सहन झालं नाही. तो भाग मलाही ऐकता आला नाही. त्यापुढं बाबा काय म्हणाले ते मला आजतागायत माहीत नाही. आईला पुष्कळदा विचारलं, ती म्हणायची, “नवराबायकोचं असते काही.”

जिना चढून शेठजी आले, धापा टाकत. ‘अटकलेल्या’ स्विचकडं त्यांनी पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फक्त म्हणाले, “चाय पियोगी?” मग स्कूटर काढून आमच्या घरी गेले. सेट भिंतीच्या फटीतून निघाला तेव्हा हात लावता येत नव्हता इतका तापला होता, आणि दिवाणाच्या कापडावर डाग पडला होता, हे त्यांनी आल्यावर सांगितलं. बाबांना काय सांगितलं ते विचारलं तर म्हणाले, “जो हुआ वो बताया।” मी घरी गेले नाही. शेठाणींनी वाढलेलं थोडं खाल्लं. आठला पाच कमी असताना वर जाऊन रिपीटर चालू केला आणि शेठजींचा सेट मांडीवर घेऊन बसले. शेठजी शेजारी स्टुलावर. बाबा येतील असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

आठ वाजता बाबा आले. घसा खाकरला. पुस्तकी मराठीत म्हणाले, “मंडळाची दैनिक हजेरी सुरू करत आहे.” आणि पहिलं नाव पुकारलं.

पहिले दोघं फार सभ्यपणे बोलले. हवामान स्वच्छ, आवाज उत्तम. कुणाच्या घरातलं आपल्याला काही माहीत आहे असा पत्ता लागू दिला नाही. मग दवनीवाडा आलं.

“गुरुजी, धानाले पानी पायजे,” टेंभरेकाका ओरडले. “पोरगी हुशार हाय. जाऊ द्या. ओव्हर.”

बाबा म्हणाले, “समजलं.”

सालेकश्याचे मास्तर आले, नेहमीसारखे खरखरत. “गुरुजी, आमी टेकडीच्या मागंच राह्यतो. सेट घेऊन मी रोज शाळेच्या छतावर चढतो. मानूस चढते गुरुजी, चढाचं असलं तं. ओव्हर.”

“समजलं.”

शेठजींनी माझ्या मांडीवरून सेट घेतला. “मौसम साफ है गुरुजी। नागपुर में हमारे साले का मकान है, बच्ची वहाँ रह लेगी। ओव्हर।”

“समजलं,” बाबा म्हणाले. मग एक नाव राहिलं. शेठजींनी सेट परत माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर पाहू लागले. बाबांनी माझं सांकेतिक नाव पुकारलं, एकेक अक्षर सुटं, परीक्षेत घेतात तसं. “तुमचा काय निरोप?”

मी बटण दाबलं. “मी नागपूरला जाते, बाबा. ओव्हर.”

रिपीटरवर कुणी बोलत नसलं की थोडा वेळ खरखर राहते आणि मग ती पण बंद होते. ती बंद झाली. शेठजी खिडकीतून वळले नाहीत. मला वाटलं बाबा उठून गेले.

“पाहुण्यांकडे उद्या सकाळी मी स्वतः जाईन,” बाबा म्हणाले. “नाही म्हणून सांगेन. मंगळवारच्या गाडीनं तुम्हाला सोडायला येईन. ओव्हर.”

आता मला हो म्हणायचं होतं, एवढंच. मी बटण दाबलं आणि तोंडातून काही निघेना. मी रडत होते, आणि दाबलेलं बटण सोडायचं भान मला राहिलं नाही. गोंदिया, आमगाव, दवनीवाडा, सालेकश्याचं छत, सगळीकडं ते जात होतं. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी शेठजींनी वाकून माझा अंगठा बटणावरून उचलला. दुसरं कुणीही मधे बोललं नाही. बाबांची पुस्तकी मराठी कुठं गेली कोण जाणे.

“समजलं, माय,” ते म्हणाले.